मागून हाक

भांड्यांच्या दुकानातून गिऱ्हाईक उठून निघालं की त्याला मागून हाक मारायची असते. हे कुठे लिहिलेलं नाही, पण पनवेलच्या जुन्या बाजारात कोणीही सांगेल. गिऱ्हाईक पिशवी उचलतं, चपला पायात सरकवतं, पायरी उतरतं आणि कान मागे ठेवून चालू लागतं. दुकानदार त्याला जरा जाऊ देतो आणि मग ओरडतो, "अहो ताई, या मागे! तुमचंही नको, माझंही नको." ताई कपाळाला आठ्या घालत परत येतात. दोघांची लाज राहते आणि पातेलं विकलं जातं.

मी हाक मारत नाही. हातगाडीवर स्टीलचे डबे विकायचो तेव्हाही मारली नाही, आणि त्या हातगाडीचं दुकान झालं तेव्हाही नाही. जायचं त्याने जावं. गल्लीत मला तुसडा म्हणतात, ते मला मान्य आहे. पण या तुसड्याचं एक दुखणं आहे. एकदा तो स्वतः उठून निघाला होता आणि त्याला कोणीही हाक मारली नाही. ते दुखणं अजून बरं झालेलं नाही.

परवा दुपारी एक बाई दुकानात आल्या. साठी ओलांडलेली, नऊवारी घट्ट कसलेली, खांद्यावर चादरीत गुंडाळलेलं भलंमोठं गाठोडं. ते त्यांनी माझ्यापुढे टेकवलं, गाठ सोडली, आणि आतून पितळेचा भोंगा निघाला. लग्नाच्या बँडमध्ये जाडा माणूस पोटाशी धरून वाजवतो तो. बँडवाले त्याला युफोनियम म्हणतात.

"मोडीत घेताव?"

डीजे आल्यापासून बँडची वाद्यं मोडीत येतातच. मला नवल वाटलं नाही. मी बोटाच्या पेराने भोंगा वाजवून पाहिला, पोचे पाहिले, डाग पाहिले, तोंड वाकडं केलं आणि भाव सांगितला.

"ह्या भावात कोन रद्दी पन देत नाय."

"मग रद्दीवाल्याकडे जा."

"जाईन की. आदी च्या पिऊन येते. तवर तुमी इचार करा. भोंगा हितंच हाय."

बाई गेल्या. दुकानात मी आणि भोंगा उरलो. दुपारची वेळ, पंखा गरम वारा ढवळत होता. आजूबाजूला कोणी नाही असं पाहून मी भोंग्याच्या तोंडात नाक घातलं.

तो वास! जुनं पितळ, वाळलेली थुंकी, खोबरेल, मांडवातली धूळ, आणि तळाशी कुठेतरी हळद. ज्याला हा वास माहीत नाही त्याला मी तो सांगू शकत नाही, आणि ज्याला माहीत आहे तो एके काळी नक्की 'बँडवेडे'वर असणार.

'बँडवेडे' ही आमची साइट. रोडपालीच्या निनाद नावाच्या इंजिनियरने हौसेने काढलेली. पनवेलपासून उरणपर्यंतच्या हळदी-लग्नांत वाजणाऱ्या ब्रास बँडवर जीव टाकणारी माणसं तिथे जमत. बँक कारकून, रिक्षावाले, बंदरात कामाला असणारे, एक दातांचा डॉक्टर आणि मी. साइट निनादच्या खोलीतल्या एका कॉम्प्युटरवर चाले. रोडपालीत वीज गेली की आम्ही सगळे मुके. मग दुसऱ्या दिवशी निनाद लिहायचा, "माफ करा, आईने इस्त्रीसाठी वायर काढली होती."

माझ्याकडे तेव्हा कॉम्प्युटर नव्हता. एसटी स्टँडसमोरच्या जिन्याने वर गेलं की सायबर कॅफे होता. आता तिथे मोबाइलची कव्हरं मिळतात. प्लायवूडच्या खोपट्या, पुढे पडदे, उदबत्तीचा आणि ओल्या पायमोज्यांचा एकत्र वास. खालच्या गाडीवर वडे तळले जात, त्याचा धूर जिन्यातून वर येई. एक गाणं उतरून यायला एक वडापाव खाऊन होई. हेडफोनचा एकच कान चालू असायचा. त्या कानात उरणच्या कुठल्यातरी हळदीतली क्लॅरिनेट, आणि दुसऱ्या कानात अलिबाग गाडी कितव्या फलाटाला लागली आहे त्याची घोषणा. आजही स्टँडवर घोषणा ऐकली की मला मागोमाग क्लॅरिनेट ऐकू येते.

आमच्यात दोन तट होते. आम्ही पनवेलच्या चंद्रसेन बँडचे, आणि ते उरणच्या सागरदीपचे. चंद्रसेनची क्लॅरिनेट म्हणजे केळीच्या पानावरून तूप घरंगळावं तशी. सागरदीपकडे होता भोंगा. तो वाजला की मांडवातल्या खुर्च्या थरथरत, असं ते सांगत. खुर्च्या प्लास्टिकच्या असल्या की शिंकेनेही थरथरतात, असं आम्ही सांगत असू.

साइटचं वर्षही लग्नांवर फिरे. उन्हाळ्यात कोणाला मान वर करायला सवड नसे, कारण गावागावांत मांडव पडलेले असत आणि सगळे रेकॉर्डिंग करत फिरत. गणपतीत विसर्जनाची रेकॉर्डिंगं येत, त्यांत बँडपेक्षा गर्दीच जास्त ऐकू येई. आणि चातुर्मासात लग्नं नसत, म्हणून भांडणं असत. तो आमचा खरा मोसम.

भांडणांवर लक्ष ठेवायला मास्तर होते. हे निवृत्त क्लॅरिनेटवाले. पान खाऊन कीबोर्डवर बसत, त्यामुळे त्यांचे काही अक्षरांचे खटके चिकटत. मास्तरांचा नियम एकच होता: शिवी चालणार नाही, टोमणा चालेल, पण तो चालीत हवा. आमच्याकडे हळदीला बाया दोन बाजूंना बसतात आणि गाण्यातून एकमेकींना टोमणे मारतात. वराकडच्या बाया वधूच्या मावशीचा रंग काढतात, वधूकडच्या वराच्या आत्याचं पोट. त्या टोमण्यांचा कोणी राग धरत नाही. राग येतो तो उत्तर मिळालं नाही तर. टोमणा मारला आणि समोरची गप्प राहिली, तर माणसं म्हणतात, एवढी कसली गुर्मी!

तर मास्तर शिवी उडवत आणि टोमणा ठेवत. मात्रा कमी पडली तर तोही उडवत, आणि खाली लिहीत, "मनातला राग चांगला आहे, चालीत बसवून आणा." मी तापट माणूस. दिवसभर दुकानात घसा फोडून मी सायबर कॅफेत जायचो आणि राग चालीत बसवत बसायचो. बसेपर्यंत राग निम्मा झालेला असे. डॉक्टरने रक्तदाबाची गोळी मला साइट सुटल्यावर सुरू केली, हे मी मुद्दाम नोंदवतो.

साइटवर माझं नाव 'तांब्या'. आणि माझा वैरी 'मोराबंदर'.

मोराबंदर उरणकडचा, सागरदीपचा कट्टर. खरं नाव कोणाला माहीत नव्हतं, तशी रीतच नव्हती. मी त्याला मनात झुपकेदार मिशा दिल्या होत्या, हातात कोयता दिला होता, आणि आवाज भोंग्यासारखा. त्याचा टोमणा दुरून ओळखू यायचा, कारण शेवट ठरलेला असे, 'पुसा बंदरी'. म्हणजे खोटं वाटत असेल तर आमच्या बंदरावर येऊन विचारा. मी एकदा लिहिलं,

*उरणच्या बँडाची काय सांगू शान,*
*वाजवतो एक नि झाकतात दहा कान.*

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधी मी कॅफेत हजर. उत्तर आलेलं होतं.

*पनवेलचा तांब्या बाहेरून लख्ख,*
*वाजवला तर ठक्क, पुसा बंदरी.*

भांडं चांगलं असेल तर पेराने वाजवल्यावर टण्ण वाजतं. ठक्क वाजलं की समजावं, चीर आहे. माझ्याच धंद्यातून उचललेलं मला मारलं होतं. त्या दिवशी मी प्रत्येक गिऱ्हाइकाशी हसून बोललो. लोक घाबरले.

अशी वर्षं गेली. कॅफे बंद पडला, हातात मोबाइल आला, दुकानात गादीवर बसून भांडता येऊ लागलं. मोराबंदरच्या त्या भोंग्यावर मी कायम लिहायचो, "तो भोंगा नव्हे, मोड आहे. आणा दुकानात, मोडीच्या भावात घेतो." आणि मोराबंदर लिहायचा, "आधी आमच्या भोंग्याएवढं दुकान तर बांधा."

मग निनादने साइट विकली. कोणाला, का, कितीला, हे मी विचारलं नाही. म्हणजे विचारलं, पण त्याने सांगितलं नाही. विकली याचा मला राग नाही, मी स्वतः विकणारा माणूस आहे. सौदा करताना मला सोबत नेलं नाही, याचा राग आहे. इंजिनियरला काय भाव करता येतो? पहिल्याच आकड्याला "ठीक आहे" म्हणाला असणार.

नव्या कंपनीने पहिल्यांदा मास्तरांचे आभार मानले आणि त्यांना काढलं. आता लक्ष ठेवायचं काम यंत्राकडे होतं. साइटचा रंग निळा झाला, अक्षरं गोल झाली, आणि लाल पट्ट्या दिसू लागल्या. विसर्जनाच्या मिरवणुकीतले गुलालाने माखलेले वादक 'रक्तरंजित दृश्य' म्हणून झाकले गेले. त्यातला आमचा दातांचा डॉक्टरही झाकला. तो म्हणाला, "माझ्या दवाखान्यात बसून कोणी असं म्हटलं नाही."

मग गाण्यांचे हक्क निघाले. बँड वाजवणार सिनेमातलीच गाणी, आणि ती कुठल्या ना कुठल्या कंपनीची. यंत्राने आमच्या सगळ्या चित्रफितींचा आवाज काढून घेतला. फिती राहिल्या, पण मुक्या. गाल फुगवून, डोळे वटारून फुंकणारे वादक, आणि त्यांच्यासमोर निःशब्द नाचणारे मामा. आधी आम्ही हसलो. मग एका संध्याकाळी पाहिलं, तर आम्ही सगळे त्या मुक्या फिती पाहतच होतो. खाली कोणीतरी लिहिलं होतं, "आता क्लॅरिनेट उचलली बघा." आणि खरंच, मला ती ऐकू आली. हाताच्या हालचालीवरून गाणं ओळखणारी माणसं होतो आम्ही.

टोमणे गेले तेव्हा मात्र कठीण झालं. यंत्राला चाल कळत नाही. त्याने सगळे टोमणे 'छळ' म्हणून उडवायला घेतले, आणि माझ्यावर महिनाभराची बंदी घातली. कारण दिलं होतं, "आपण दुसऱ्या सदस्याला सातत्याने त्रास देत आहात." त्यावर मोराबंदरने जाहीर लिहिलं, "त्रास मना होतो, तर मी बोलेन. तुमी कोन?" त्याच्यावरही बंदी आली.

मी कंपनीला लिहिलं. अर्ज-विनंत्या मला येत नाहीत, मी सरळ भावाला बसलो. महिन्याची बंदी आठवड्यावर आणा. टोमणे निम्मे तुम्ही काढा, निम्मे आम्ही ठेवतो. उत्तर आलं, "आपल्या अभिप्रायाबद्दल धन्यवाद. आपला अनुभव आमच्यासाठी मोलाचा आहे." मी दोन पावलं खाली आलो. उत्तर तेच. मी आवाज चढवला. उत्तर तेच, धन्यवादासकट. खरं सांगतो, मला आदर वाटायला लागला. म्हटलं, समोर कसलेला गडी आहे. तसूभर हलत नाही, चिडत नाही, आणि वर आभार मानतो. असा माणूस मला दुकानात नोकर म्हणून मिळाला असता तर मी एव्हाना मजले चढवले असते.

मग मी शेवटचा डाव टाकला. भावात अडलं की उठायचं. बंदी उठताच मी फोन करून, नंबर नसलेल्यांना साइटवरूनच निरोप धाडून सगळ्यांना सांगितलं: चंद्रसेनवाले, सागरदीपवाले, सगळे एकदम उठू. खातं बंद करायचं बटण दाबू. एवढी गिऱ्हाइकं पायरी उतरताना पाहिली की कुठलाही दुकानदार मागून हाक मारतो. सगळ्यांना पटलं. बाजारात वाढलेल्या माणसाला हे न पटायचं कारणच काय?

आम्ही बटण दाबलं. यंत्राने विचारलं, "आपली खात्री आहे का?" मला वाटलं, हीच ती हाक! पण इतक्या लवकर वळलं तर भाव पडतो. मी छाती काढून 'हो' म्हटलं.

आणि मग काहीच नाही.

मी वाट पाहिली. मोबाइल गादीवर समोर ठेवून पाहिली. आठवडाभर भांडी पुसतानाही एक डोळा त्याच्यावर. हाक आली नाही. साइट उघडून पाहिली, तर आमची नावं नव्हती, भांडणं नव्हती, मुके मामाही नव्हते. कोण उठून गेलं हे दुकानदाराला कळलंसुद्धा नव्हतं. माझं म्हणणं आजही तेच आहे: डाव बरोबर होता, समोर दुकानदारच नव्हता.

बाकीचे व्हॉट्सअ‍ॅपच्या गटांत विखुरले. मास्तर तिथे आहेत, सकाळी गुलाबाचं फूल पाठवतात. कोणी कोणाला टोमणा मारत नाही, अंगठा दाखवतात. आणि मोराबंदर कुठल्याच गटात नाही. त्याचा नंबर कोणाकडेच नव्हता. निघायच्या दिवशी त्याने शेवटचा टोमणा मला मारला होता, आणि मी भावाच्या गडबडीत त्याला उत्तर दिलं नव्हतं. बाकी सगळं गेलं तर गेलं. ते उत्तर तेवढं द्यायचं राहिलं. माझ्याबद्दल तिकडे कोणी म्हणत असेल, 'एवढी कसली गुर्मी', तर ते मला सोसत नाही.

म्हणून एकदा मी मोऱ्याला, उरणच्या त्या बंदरावर, गेलो. धक्क्यावर सुकत घातलेल्या मासळीचा वास, दोरांचा वास, डिझेल. जाळं विणत बसलेल्या एकाला विचारलं, "इथे मोराबंदर कोण?"

तो माझ्याकडे बघत राहिला. "दादा, मोराबंदर ह्यो काय. तुमी त्याच्यावरच हुबं हाव."

मी बोंबील घेऊन परत आलो. बोंबील स्वस्त मिळाले. पण मन लागलं नाही.

"झाला इचार?"

बाई दारात उभ्या होत्या. मी नाक भोंग्यातून काढलं.

"झाला. भाव तोच."

"जरा पन वर नाय?"

"नाही."

"येवरा दगड मानूस?"

"दगड नाही, दुकानदार."

बाईंनी माझ्याकडे नीट पाहिलं. रागाने नाही. टोपलीतल्या पापलेटाचे कल्ले उचलून ताजं आहे का पाहतात, तसं. मग त्यांनी भोंगा चादरीत गुंडाळला, गाठ मारली, चपला पायात सरकवल्या आणि पायरी उतरल्या. मी नेहमीप्रमाणे फडक्याने कळशी पुसायला घेतली. आणि पायरीखालून, पाठमोऱ्याच, चालीत आवाज आला:

*पितळेच्या दुकानी काळीज लोखंडी,*
*मोडीत पन जाईना, पुसा बंदरी.*

कळशी माझ्या हातातून सुटली. टण्ण वाजली, चांगली होती.

मी दारात आलो तोवर बाई गल्लीच्या मध्यावर पोहोचल्या होत्या. झुपकेदार मिशा, कोयता, सगळं माझ्या डोळ्यांसमोरून एकेक करून गळून पडत होतं. पुढे वळण, वळणापलीकडे रिक्षा. समोरचा दुकानदार डोळ्यांवर हात धरून माझ्याकडे बघत होता. त्याने मला पायरीवर असा उभा कधी पाहिला नव्हता. इतक्या वर्षांत जे केलं नाही ते करायला आवाज कुठून काढतात, हेच मला ठाऊक नव्हतं.

"मोराबंदर!"

सगळी गल्ली वळली. बाई तेवढ्या वळल्या नाहीत. फक्त चाल मंदावली. पहिल्या हाकेला वळायचं नसतं, भाव पडतो, हे त्यांनाही ठाऊक होतं. मग मला उत्तर द्यावंच लागलं. भर बाजारात, अनवाणी, बेसूर:

*बंदरी पुसून पुसून झिजली वहाण,*
*भांडणावाचून भागेना तांब्याची तहान!*

समोरच्याच्या हातातलं पातेलं तसंच राहिलं. बाई थांबल्या. सावकाश वळल्या.

"यमक बरा हाय," त्या तिथूनच म्हणाल्या, "चाल चुकली."

"सवय गेली," मी म्हणालो.

त्या परत आल्या. पायरीशी येऊन धापा टाकत म्हणाल्या, "हाक माराला येवरा टाइम, तांब्या? आमी तुमच्या पाठी बटन दाबलं. वाटलं, ह्यो तरी पाठसून हाक मारील."

हे माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. मी कंपनीच्या हाकेची वाट पाहत बसलो होतो, आणि मोऱ्याच्या धक्क्यावर कोणीतरी माझ्या हाकेची. मी विचारलं, "ओळखलंत कसं?"

"सगली गल्ली फिरले. जो तो गोड बोलला. 'या मावशी, बसा मावशी, तुमचाच दुकान हाय.' तवाच समजले, ह्यो नाय, ह्यो पन नाय. मंग तुमी म्हनलाव, रद्दीवाल्याकडं जा." त्यांचे डोळे चमकले. "म्हनलं, गावला."

"आणि भोंगा विकायला का काढला?"

"इकाचाय कोनाला? आमचे मालक वाजवीत तो भोंगा सागरदीपमदी. ते गेले, बँड मोडला. तुमीच लिवलं होतं ना, आना दुकानात, मोडीच्या भावात घेतो? आनला. आता घ्या."

"घेत नाही," मी म्हणालो.

"का? भाव वाढवाचा जीवावर येतो?"

"मोड नाहीच ती."

बाईंनी गाठोड्याची गाठ सोडली. पदराने भोंग्याच्या तोंडावरची धूळ पुसली. मग मान वर करून म्हणाल्या, "ह्ये साइटवर लिवलं असतात, तर बरा झाला असता."

"साइटवर लिहिलं असतं, तर भांडण संपलं असतं."

त्या हसल्या. आवाज भोंग्यासारखाच होता, तेवढं माझं बरोबर आलं. मग त्यांनी भोंगा पुन्हा गादीवर ठेवला, चपला काढल्या, आणि पायरीवर न ठेवता उचलून आत, माझ्या चपलांशेजारी ठेवल्या. ज्या गिऱ्हाइकाला उठून जायचं नसतं ते चपला आत ठेवतं.

"बोला आता," बाई मांडी ठोकून म्हणाल्या. "तुमच्या चंद्रसेनची क्लॅरिनेट. मोडीत काय भाव चाललाय तिचा?"